लाइट मी घालवली

मी, लाँड्रीवाला, वय एकेचाळीस, धंदा कपडे धुणे व इस्त्री, राहणार बाजारामागच्या गल्लीत दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, बोलावल्यावरून आज पोलीस स्टेशनला हजर होऊन सांगतो ते असे.

घरी मी आणि माझी बायको असे दोघेच राहतो. बायको जन्मापासून बहिरी आहे. साहेबांनी आधी 'मूकबधिर' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. ती मुकी नाही. हातवारे करून भांडायला लागली तर समोरच्याला मध्ये बोट घालू देत नाही.

लग्नानंतर आम्ही आमच्यापुरत्या खुणा बसवल्या. इस्त्री, गिऱ्हाईक, चहा, डोकं दुखतंय, एवढ्यात आमचे भागत होते. तिला हाक मारायची तर मी लाइट बंद-चालू करतो, ती वळून बघते. गिऱ्हाइकाचे म्हणणे तिला आणि तिचे गिऱ्हाइकाला मीच सांगायचो. लोक म्हणायचे, "तुझ्याशिवाय हिचं पान हलत नाही बाबा." मला ते ऐकायला बरे वाटायचे, खोटे कशाला बोलू.

गेल्या वर्षापासून बायको दर रविवारी संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानाखालच्या तळघरात बहिऱ्यांच्या मंडळात जाऊ लागली. लहानपणी शाळेत हात हलवला की तिला छडी बसायची, ओठ बघून बोलायला शिक म्हणायचे. म्हणून खुणांची खरी भाषा तिला आता या वयात मिळाली. मंडळातला सुतार, तोही बहिरा, तिला शिकवायचा. घरी येऊन ती मला शिकवू बघायची. मी म्हणायचो, "आपलं चाललंय त्यात काय वाईट आहे?" पुढे तिने नाद सोडला. तिचे हात भरभर चालायचे आणि मला त्यातले ओ की ठो कळायचे नाही.

मंडळात प्रत्येकाला एक खूण देतात, तेच त्याचे नाव. सुताराची खूण रंधा मारल्यासारखी आहे. जेवताना रंधा, इस्त्री करताना रंधा, झोपायला जाताना रंधा. माझे डोके फिरायचे. एकदा विचारले, माझी खूण कोणती? ती हसली आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

परवा रविवारी दवाखान्याच्या चादरी वेळेत द्यायच्या होत्या म्हणून मी तिला बोलवायला तळघरात गेलो. दार उघडेच होते. सगळे गोल बसले होते आणि माझी बायको मधे उभी राहून काहीतरी सांगत होती. तिने कानावर पेन्सिल खोचल्यासारखे केले, पोट पुढे काढले आणि फोनवर कोणाला तरी झापल्यासारखे केले. तो मी होतो. पेन्सिल मीच कानावर ठेवतो. म्हणजे माझी खूण होती, मला सोडून सगळ्यांना माहीत होती. सुतार डोळे पुसत हसत होता. बायकोही मोठ्याने हसली. दुकानात गिऱ्हाईक बघते म्हणून ती हसताना तोंडावर हात धरते. तिचे ते हसणे इतक्या वर्षांत मी ऐकले नव्हते आणि तिथे ते ऐकणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

दाराशेजारी विजेचा बोर्ड आहे. मी घरच्यासारखी लाइट बंद-चालू केली. सगळे थांबले. पण सुताराने हात हलवून काहीतरी विचारले आणि बायको त्याच्याकडेच वळली. तिने दाराकडे बघितलेसुद्धा नाही. तेव्हा मी मेन स्विच खाली ओढला आणि तसाच धरून ठेवला.

तळघराला खिडकी नाही. अंधारात आपण ओरडतो, तिथे ओरडून कोणाला ऐकू जाणार नव्हते आणि हात दिसत नव्हते. मी त्या सगळ्यांचे बोलणे बंद केले आहे हे मला त्या वेळी माहीत होते. कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. खुर्च्यांचा आवाज झाला, कोणीतरी पडले. बायकोने मोबाइलची बॅटरी लावली. उजेड आधी माझ्या तोंडावर आला, मग माझ्या हातावर. हात स्विचवरच होता.

बोर्डाकडे यायला निघालेला सुतार खुर्चीला अडखळून पडला होता. त्याचे उजवे मनगट मोडले. मी त्याला ढकलले नाही, पण मोडले माझ्यामुळेच.

तेव्हापासून बायको माझ्याशी बोललेली नाही. मी समोर आलो की दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते. इथेही आतापर्यंत तशीच बसली होती.

इथपर्यंतचा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. सुतारही इथे आला आहे. त्याच्यासोबतची त्याची बहीण, जिला ऐकू येते, तो जबाब माझ्या बायकोला खुणांनी सांगू लागली. बायकोने मांडीखालून हात काढले आणि तिला थांबवले. मग मला ट्यूबलाइटखालच्या खुर्चीवर बसवले आणि "तू सांग" अशी खूण केली. मी पेन्सिल, लाइट, अंधार, हात, सगळे जमेल तसे सांगितले. तिने दोन ठिकाणी माझी बोटे धरून सरळ केली. शेवटी तिने विचारले, का केलंस? मी जळलो, हे मला सांगता येत नव्हते. सुताराला बहिणीमार्फत विचारले. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून त्याने तो शब्द डाव्या हाताने मला दाखवला आणि मी तो बायकोला करून दाखवला.

वर लिहिलेले माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.