जॉयसताईंचा राग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय संपतआबा, प्रमुख पाहुणे आणि आपले सरपंच ज्ञानेशराव, सत्कारमूर्ती जॉयसताई, आणि समाजमंदिरात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, वच्छलाचा सर्वांना नमस्कार.

जॉयसताई उद्या दौंडला लेकाकडे, सॅमसनकडे, कायमच्या राहायला चालल्यात. नर्स म्हणून त्यांनी या गावात हयात घालवली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना पहिली सुई यांनीच टोचली. सरपंचसाहेब, तुम्हालाही. तुम्ही किती भोकाड पसरलं होतं, ते त्या अजून सांगतात. असो.

पण आजचा सत्कार सुईचा नाही. गेल्या वर्षी आपल्या शाळेचं मैदान एका गोडाऊनवाल्याला द्यायचं घाटत होतं. कोणाच्या मनात होतं ते सांगत नाही, पाहुण्यांचा मान राखायचा असतो. गाव पेटलं. आणि आपण काय केलं? बहिष्कार! ग्रामसभेला कोणी फिरकायचं नाही. कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली, आपण पेढे वाटले. आता तहकूब सभेला पुढे कोरम लागतच नाही, हे रागाच्या भरात कोणाच्या ध्यानात येतं? पुढच्या सभेला त्यांचीच चार डोकी जमली, हात वर झाले, ठराव मंजूर. मैदान आपणच घालवलं की नाही?

दुसऱ्या दिवशी ताई भलंमोठं टाळं घेऊन पंचायतीवर निघाल्या. मागे आम्ही बायका. पायरीवर आबा बसलेले. ते म्हणाले, "नर्सबाई, लावा की टाळं. पन आत कवा काय शिजतंय, ते तुमाला कळायचं कसं?"

"मग गप बसू व्हय, आबा?"

"बसा की. पन आत जाऊन बसा."

ताई टाळं घेऊन घरी गेल्या. राग मात्र गेला नाही हो, तो त्यांनी कामाला जुंपला. त्यानंतर त्यांनी एकही ग्रामसभा चुकवली नाही. सभेच्या सकाळी आळीआळीतून हाक, "भाकरी झाल्या का? झाका आन् चला." सणसवाडीला कंपनीत जाणाऱ्या पोरींना शिफ्ट बदलून घ्यायला लावायच्या. आमचे मालक म्हणायचे, "ह्या बाईला दुसरं काम न्हाई." आता तेही येतात. मागे बसून डुलक्या घेतात, पण वेळेला हात वर करतात. ताईंनी मैदानाचा प्रश्न काढला, तर उत्तर मिळालं, "विषय पत्रिकेवर नाही." मग आम्ही विषय आधी लेखी द्यायला शिकलो. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि त्या जाणार याचं वाईट वाटतंय, हेही खरं.

येत्या सोमवारी, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, तो ठराव रद्द करायचा विषय आहे. विषय ताईंनी लावला. पण सॅमसनने हौसेने त्यांचं मतदारयादीतलं नाव दौंडला नेलंय. म्हणजे त्या सोमवारी आल्या तरी त्यांचा हात मोजला जाणार नाही. काल माझ्याजवळ रडल्या त्या. म्हणाल्या, "वच्छला, साडी-नारळ नको गं. माझा एक हात कमी झालाय, तेवढा भरून काढा."

आज इथे पाय ठेवायला जागा नाही. एवढी माणसं जेवणाला जमतात, तर मैदानासाठी का जमू नयेत?

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सरपंचांनी हसून ऐकून घेतलं, दोघांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. सोमवारी आला नाहीत, तर मी मात्र घालणार नाही.