कडेची कामोणी

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं शिउ-मान! बोल... येतंय ऐकू, नीट येतंय... चिडलेली? मी? मी कशाला चिडू? वांगी चिरतेय... हो, तो आवाज सुरीचाच आहे.

बाळ कसं आहे?... आणि लेक? बाळंतिणीला तिळाच्या तेलातली कोंबडी रोज देतेस ना?... आलं हात सैल सोडून घाल. तिकडची, ताइचुंगची माणसं आल्याला घाबरतात, तिच्या सासूचं ऐकू नकोस... हं... हं...

हो. पडले बाहेर. बागेच्या ग्रुपमधून माझी मीच बाहेर पडले, कुणी काढलं नाही मला... का म्हणजे? तू वाचलं नाहीस का, लियाव सरांनी काय लिहिलंय? ‘एका सदस्याचं वर्तन बागेच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं.’ एका सदस्याचं! माझं नाव लिहायला हात थरथरला का त्यांचा? आणि खाली सगळ्यांचे अंगठे. सात जणांचे अंगठे आणि एक नाचणारा ससा, कुणाचा ते बघायलाही मी थांबले नाही. बारा वर्षं एका मातीत हात घातले आपण, आणि ससा नाचवतात!

नाही, मी नाही शांत होणार... अगं ऐक ना. तुला काय सांगितलंय त्यांनी?... ‘गैरसमज’? गैरसमज म्हणाले? थांब, सुरी खाली ठेवते. नाहीतर बोट जाईल माझं.

ऐक आता. मध्ये बोलू नकोस.

बुधवार. आपलं नेहमीचं जेवण, तीस म्हातारी माणसं. मी पहाटेच सभागृहाच्या स्वयंपाकघरात. रताळ्याचा पाला खुडून झाला होता, घोसाळी यंदा अशी लागलीत की मांडव वाकलाय, म्हणून घोसाळ्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या घातल्या. आणि आ-कुआन आजी आली, नेहमीसारखी. ती फाटकी टोपी, कमरेला पिशवी. पिशवीत कामोणीचा पाला, ठासून भरलेला... हो, कडेचाच. कुंपणाच्या कडेचा. कामोणी दुसरी कुठे येते? ती कुणी पेरतं का? ती आपली आपण येते, आणि बारा वर्षं आजी ती खुडते, आणि बारा वर्षं आपण तिची पेज करतो. वाळवलेली कोलंबी, तळलेला कांदा, वरून मिरी. त्या पेजेसाठी तर अर्धी माणसं येतात बुधवारी! वेन आजोबा काय माझं तोंड बघायला येतात?

तर पाला धुतला. तीन पाण्यांनी धुतला, नशीब माझं. पेज शिजली. चार वाट्या वाढूनही झाल्या... वेन आजोबांनी सुरुवात केली होती, हो. त्यांना ‘सगळ्यांना वाढू द्या’ म्हटलं तर ऐकू येत नाही, ‘जेवायला चला’ म्हटलं की दोन गल्ल्यांवरून ऐकू येतं.

आणि लियाव सर आत आले. पांढरे बूट, गळ्यात ती शिट्टी. शाळेचे उपमुख्याध्यापक होते ते सात वर्षांपूर्वी, पण शिट्टी अजून निवृत्त झाली नाही. हातात फवारणीचा पंप. मला म्हणतात, ‘युए-ताओबाई, जरा नळ मोकळा करा, टाकी विसळायची आहे.’

मी म्हटलं, स्वयंपाकाच्या नळाखाली? कशाची टाकी?

म्हणे, ‘तणनाशकाची. काल दुपारी सगळ्या कडा मारून घेतल्या. रविवारी बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे आहेत ना, तोवर पिवळं पडून जाईल सगळं.’

शिउ-मान, माझ्या हातात डाव होता. पेजेतच होता तो डाव.

...नाही, काही दिसत नव्हतं पाल्यावर! हिरवागार होता. ते औषध काय एका रात्रीत दिसतं? वासही नाही. मी स्वतः चव घेतली होती मिठासाठी... हो, मीसुद्धा. मला काही झालं नाही, माझं राहू दे.

मी ओरडले, ‘खाऊ नका!’ तीस माणसं, निम्म्यांना ऐकू येत नाही. मी धावले आणि वाट्या हिसकावल्या हातातून. वेन आजोबा वाटी सोडेनात! त्यांना वाटलं मी त्यांचा वाटा दुसऱ्याला देतेय. त्यांच्या तोंडातून... अगं त्यांच्या तोंडातून बोट घालून काढली मी पेज. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर. रडायला लागले ते.

अर्धी वाटी पोटात गेली होती... हो, नेलं ना! मीच नेलं, टॅक्सी केली. बाटलीचं लेबल फाडून डॉक्टरांना दाखवायला घेतलं. हे मला सुचलं, उपमुख्याध्यापकांना नाही सुचलं... संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. एकदा उलटी झाली, ती औषधाने की भीतीने ते देव जाणे. डॉक्टर म्हणाले, धुतलेलं होतं, थोडं होतं, निभावलं. आता ठणठणीत आहेत. काल मला विचारतात, ‘घोसाळं उरलंय का?’

ते ठीक आहेत म्हणून काय मी गप्प बसू?... हो, ओतली. पातेलं उचललं आणि मागच्या गटारात ओतलं. बुटांवर उडालं त्यांच्या. मुद्दाम नाही... बरं, थोडं मुद्दाम. ते ‘वर्तन’ म्हणजे हेच. बूट!

पण मी त्यासाठी नाही चिडले. ऐक ना, खरी गोष्ट पुढेच आहे. टॅक्सी यायच्या आधीची. सगळे गोंधळलेले, आणि लियाव सर आ-कुआन आजीसमोर जाऊन उभे राहिले. शाळेतल्या पोरासमोर उभं राहावं तसे. आणि म्हणाले, ‘आजी, भाजी वाफ्यात लावलेली असते. वाफ्याला नंबर असतो. कडेला उगवतं ते तण. तण खायचं नसतं, खायला घालायचं नसतं. आज तुमच्यामुळे माणसं मेली असती.’

तुमच्यामुळे!

एक्याण्णव वर्षांची बाई गं ती. युद्धात, लहानपणी, याच पाल्यावर जगली. भावंडांना जगवलं. आणि ही बाग? तिथे उकिरडा होता तेव्हा फुटक्या कौलांच्या टोपल्या कोणी वाहिल्या? तू होतीस, मी होते, आणि ती होती. लियाव सर तेव्हा शिट्टी वाजवत होते.

...‘नोटीस दिली होती’? तूही तेच म्हणतेस? वाचलीस तू ती नोटीस? ‘मंगळवारी कडांचं सुशोभीकरण’! औषध हा शब्द आहे का त्यात? मला वाटलं विटा लावतायत, चुना मारतायत. आणि आजीला वाचता येत नाही. तिच्याकडे मोबाइल नाही. तिला कोण सांगणार, तो ससा?

एक पाटी लावायची होती. कवटीचं चित्र. लाल फडकं बांधायचं होतं नुसतं कुंपणाला! अगं शेंबड्या पोराला कळतं.

आजी? टोपी काढून हातात धरली. पिशवी उलटी केली, तळाशी दोन पानं होती ती झटकली. मग म्हणाली, ‘मी सगळ्यांना मारलं असतं.’ एवढंच. आणि चालत घरी गेली. मी आजोबांना घेऊन टॅक्सीत, मला थांबता येईना.

तेव्हापासून दार उघडत नाही ती. आज शुक्रवार. दोन दिवस. बुधवारी मी भात ठेवला दाराशी, तसाच. काल माशाचं सार ठेवलं, मांजराने खाल्लं. दार वाजवलं की आतून खोकते फक्त. म्हणजे, आहे मी, जा तू. आमची भिंत एक आहे, शिउ-मान, मला सगळं ऐकू येतं. रेडिओ लावत नाही. चूल पेटत नाही. खुर्ची तेवढी सरकते... ही वांगी तिच्यासाठीच तर चिरतेय. मऊ उकडून लसूण घालून देते, दात नाहीत तिला. बघू. नाही खाल्लं तर दार तोडते मी आज.

आणि म्हणे समजुतीने घ्या! सगळे मला समजुतीने घ्यायला सांगतात. म्हणून मी म्हणते, तू इथे हवी होतीस. बाग तू सुरू केलीस. तुला विचारलं असतं तर तू त्यांना पंपाला हात लावू दिला नसतास. म्हटलं असतंस, अहो, मंगळवारी काय मारता, बुधवारी आजी पाला खुडते...

...

हॅलो?... शिउ-मान? लाइन गेली का?

...बाळ रडतंय, ते ऐकू येतंय. तू बोल... काय?... मोठ्याने बोल... विचारलं होतं? कोणी? कोणाला?

तुला.

...कधी?... सोमवारी. फोन केला होता त्यांनी... आणि तू काय म्हणालीस?

...‘तुम्ही बघा काय ते.’

औषध म्हणाले होते? हा शब्द म्हणाले होते? सुशोभीकरण नाही, औषध?... आणि मंगळवारी मारतो म्हणाले... आणि तू हो म्हणालीस.

...हो, बाळ रडत असेल. कोंबडी गॅसवर असेल. मी कुठे म्हणते नसेल... तीन रात्री झोपली नव्हतीस, कळतंय मला. सोमवारचं मला कळतंय, शिउ-मान. विसरलीस. माणूस विसरतो. मी परवा मीठ दोनदा घातलं.

पण बुधवार? बुधवारी दुपारी तुला कळलं ना? ग्रुपवर सगळं होतं. आजोबा दवाखान्यात गेले ते होतं, आजीने पाला आणला ते होतं. तू वाचलंस. तू वाचलंस आणि... तो ससा. तो ससा तुझा होता?

...चुकून दाबला गेला. बरं.

दोन दिवस! दोन दिवस मी त्या माणसाला शिव्या देतेय. बाजारात दिल्या, देवळाच्या पायरीवर दिल्या. आणि तो... त्या माणसाने तुझं नाव घेतलं नाही, माहितीये? मी त्यांना तोंडावर विचारलं, ‘कोणाला विचारून मारलंत?’ म्हणाले, ‘निर्णय माझा होता.’ शिट्टीवाला म्हणते मी त्याला, पण एवढं तरी... आजीला बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुझं नाव घेतलं नाही त्यांनी.

रडू नकोस... मी सांगते रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत काढावी लागेल, आणि मला आज ती काढायची नाही.

माझी माफी कशाला मागतेस? माझ्या तोंडात कोणी बोट घातलं? मला कोणी ‘तुमच्यामुळे’ म्हटलं?... नाही. मी नाही सांगणार तिला. अजिबात नाही. ‘शिउ-मान म्हणत होती’ असला निरोप मी नाही पोचवणार. तुझं तू सांग.

...ये मग. गाडीने दोन तास... बरं, लेकीला सोडून येता येत नाही, मान्य. मग फोन कर. आहे ना तिच्या घरी, तो हिरवा, भिंतीवरचा... नंबर देते, लिहून घे. नाही, आत्ता. बाळ झोपल्यावर नाही, आत्ताच्या आत्ता. लेकीचा मोबाइल घे. मी धरते इकडे.

लिही. बावीस... चौदा... शून्य सहा... तीन. वाचून दाखव... हां.

डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, आणि ती फोन डाव्याच कानाला लावते. म्हणून ओरडून बोल. आधी बाळाचं सांगू नकोस. गोड गोड काही बोलू नकोस. सरळ म्हण, ‘आजी, मला माहीत होतं आणि मी सांगायला विसरले. चूक माझी.’ एवढंच... लियाव सरांचं नंतर. त्यांना मी आणते तिच्या दाराशी, शिट्टीसकट. ते माझ्याकडे लागलं.

लाव.

...लावलास?... हां. वाजतोय. भिंतीतून ऐकू येतोय मला... ठेवू नकोस. वाजू दे... तिला उठायला वेळ लागतो, गुडघे... नाही गं, वाजू दे. दहा वेळा वाजला तरी वाजू दे... थांबलं तर पुन्हा लाव...

...खुर्ची. खुर्ची सरकली... थांब... चपला वाजतायत...

उचलला! उचलला, शिउ-मान, बोल... माझ्याशी काय ‘हॅलो’ करतेस, तिच्याशी बोल!... मोठ्याने!... मी ठेवते.