आखाजीनंतरचा पत्ता

शिरपूरजवळच्या एका शाळेच्या ओट्यावर कौतिकनाना नातीचं नाव घालायला तिला घेऊन बसले होते. आतून एका बाईचा आवाज कानी पडला आणि त्यांनी पागोटं खाली ओढलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गड्यांचं साल सरेपर्यंत, तो आवाज रोज त्यांच्याच मळ्यात असायचा.

“मुलीचं नाव?”

“जमना.”

“राहायला कुठं, दिवालीबाई?”

“आते चिंचना झाडखाले, मास्तर.”

“झाड म्हणजे काय पत्ता झाला? आधी कुठं होता?”

“मळामा. मना नवरा सालदार व्हता. आखाजीले साल सरनं, नवा गडी उना, झोपडी त्याले दिधी.”

“नवऱ्याला पुन्हा का नाही ठेवलं?”

“मालकनी कपाशी भरता भरता गाडीनं चाक पायवरथीन गये. मोडेल पायना गडी कोन ठेवी?”

“हे बघा, शिक्षण सक्तीचं झालंय, पण ते गावात राहणाऱ्यांना. ही आमच्या गावची, एवढं कुणी मोठ्या माणसानं म्हटलं तरी लगेच नाव घालतो. अहो नाना, तुम्ही बाहेरच आहात की! या बाईला ओळखता का?”

दिवालीबाई दारात आली. नाना नातीची वेणी सारखी करू लागले.

“सालदार काय, मास्तर, दर आखाजीले बदलतस. कोन कोन ध्यानमा ऱ्हाई?”

“नाना, ही जमना शे ना आपली?” नात म्हणाली.

मग दिवालीबाईनं पदर सावरला.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर. नानाले आते कमी दिसस.”

ती जमनाचं बोट धरून पायऱ्या उतरली.

“या नाना, आत या. तुमचा पत्ता काय विचारायचा!”