रविवारचे स्वच्छ पाणी

मी, नाव अर्जात दिल्याप्रमाणे, गल्लीत सर्वजण मला 'बाई' म्हणतात, वय ६३ वर्षे, व्यवसाय निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार जुन्या पुलाजवळ, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

आम्ही अकरा स्वयंसेवक नदीचे पाणी तपासतो. आमच्यात एक शिंपी व एक कंपाउंडर आहे, बाकी गृहिणी व पेन्शनर. गेले चौदा महिने दर रविवारी सकाळी आठला, रंगाच्या कारखान्याचा सांडपाण्याचा नळ जिथे नदीत पडतो त्याच्या खालच्या अंगाला, आम्ही बाटली भरतो, पाण्यातला प्राणवायू मोजतो व आकडा वहीत लिहितो. खाली सही मी करते. वाट कारखान्याच्या फाटकातून आहे, म्हणून आदल्या दिवशी मॅनेजरांना रीतसर कळवायचे, हा नियम मीच घातला. ते आमच्यासाठी चहा पाठवत. चहा आम्ही प्यायलो, हेही लिहावे. आकडा कधी सातच्या खाली आला नाही, म्हणजे पाणी स्वच्छ. त्या वहीच्या भरवशावर माझी नात खालच्या डोहात पोहायला शिकली.

परवा मासे धरणारे काका घरी आले. म्हणाले, "बाई, तुम्हाला नदी तोंड धुऊन बसलेलीच दिसते. एकदा न सांगता या की!" मला त्यांचाच राग आला. तरी काल, मंगळवारी, सकाळी दहाला मी व कंपाउंडर त्यांच्या होडीतून गेलो. नळातून जांभळे पाणी धो धो पडत होते. आकडा एक भरला. मेलेले मासे मी चाळीसपर्यंत मोजले, पुढे मोजले नाहीत.

पहारेकऱ्याने एक बाटली हिसकावून फोडली. दुसरी पिशवीत होती, ती आज हजर केली आहे. मॅनेजर काठावर येऊन म्हणाले, "घाण पाणी? चौदा महिने स्वच्छ लिहिलंय तुम्ही. सही कुणाची आहे, बाई?" याला चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात. हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. नातीच्या अंगावर पंधरा दिवस पुरळ आहे. मी तिला ऊन लागले म्हणत होते.

हवालदारांनी आधी 'पाणी किंचित गढूळ' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून 'जांभळे' करून घेतले. पुढच्या तपासणीला शिपाई देतो म्हणून ठाण्याच्या साहेबांनी दिवस व वेळ विचारली. ती मी कोणालाही सांगणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, सांगितले तसाच उतरला आहे. वहीतल्या साठ सह्या माझ्या आहेत. खालचीही माझीच आहे.