केरबाची मूठ

न्हाय न्हाय, त्या पोत्याला हात लावू नका पावणं. यूरिया हाय तो. उसाला पाहिजे असंल तर ट्रॅक्टर भरून न्या, मी एक शब्द विचारणार न्हाय – पण मिरचीला मी यूरिया देत न्हाय. बसा त्या स्टुलावर. पंखा फिरतोय नुसता, वारं काय येत न्हाय, चालवून घ्या. दुकानदारच माल नको म्हणतोय म्हणून बघताय व्हय असं? बघा की. उचगावात खताची तीन दुकानं झाली आता, त्यातलं पहिलं माझं, शहाऐंशी सालचं. दस्तगीर खतवाला म्हणून विचारा कुणालाबी. बाकीच्या दोघांकडं गेला असता तर आतापातूर पोतं मोटारसायकलीवर बांधूनसुद्धा दिलं असतं तुम्हाला. जावा, मी अडवत न्हाय. माझ्यात आता गिऱ्हाईक अडवायचा दम ऱ्हायला न्हाय. पण पान आणलंय म्हणताय, तर दावून तरी जावा.

द्या हिकडं. पेपरात गुंडाळून आणलं ते बरं केलं. चष्मा कुठं गेला – हां, कपाळावरच हाय. आमची घरवाली रशिदा म्हणती, एक दिवस स्वतःलाच हुडकत बसशीला. हे बघा, पान वरच्या अंगाला वळलंय, होडीगत. वर वळलं की फुलकिडं, खाली वळलं की कोळी – एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. आता ह्या पांढऱ्या कागदावर झटकतो. दिसलं? बारीक, पिवळं, चालतंय बघा. लोक म्हणत्यात बोकड्या आला, पानं आकसली, रोप उपाशी हाय, घाला खत. उपाशी कसलं? हा बसलाय की त्याचा रस पीत. त्यात तुम्ही यूरिया घातलासा की पान कवळं, लुसलुशीत – ह्याची पंगतच बसती. झाड कमरेएवढं हुतंय, हिरवंगार, रस्त्यावरचा माणूस थांबून बघतोय. आणि मिरची? एक न्हाय. फुलं सगळी गळून सरीत. बघितलंय मी. म्हंजे बघायला पाहिजे तेव्हा गेलो न्हाय, मागनं बघितलंय.

कुणाचं म्हणून काय विचारता. हाय एक जण. तुम्ही मलकापूरचं म्हणालासा, परगावचं, तुम्हाला सांगायला काय – गावात ह्या गोष्टी बोलता येत न्हाईत. केरबा म्हणून माझा दोस्त हाय. शाळेत एका बाकावर, तालमीत एका हौद्यात. त्याच्या आज्यापासनं घरचं मिरचीचं बी. मिरची आखूड, अंगावर सुरकुत्या, शेपटाकडं विळ्यागत वळलेली. बाजारात दुसरीकडं बघितली न्हाय तसली. दरसाली चैत्र सरला की आमच्या दोन घरांची चटणी एकत्र व्हायची. मिरची केरबाची, मसाला भाजायचा रशिदानं – तिच्या हाताचं भाजणं केरबाच्या बायकोला, बायडावहिनीला, लागायचंच – मिरची कांडायच्या डंकावर दोघी शेजारी शेजारी बसायच्या, शिंकत, हसत, आणि दोन बरण्या भरायच्या. एक त्यांची, एक आमची. ईदला आमच्याकडं रस्सा त्याच चटणीचा, त्यांच्या जत्रंला तीच. कुणाचं काय ते कधी वेगळं काढलंच न्हाय आम्ही.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आठ वर्सं झाली की. केरबा आला पान घेऊन, तुमच्यासारखाच, तुम्ही बसलाय तिथंच बसला. म्हणाला, दस्त्या, बघ रे काय झालंय, वीस गुंठं सगळं असंच हाय, तू रानात येऊन जा एकदा. मी म्हटलं, येतो की. पण पाऊस कसला, सलग बारा दिवस, पत्रा गळत हुता, तीस पोत्यांना ओल लागलेली, मी एकटा पोती हलवतोय – त्या गडबडीत गेलो न्हाय. पान नीट बघितलंच न्हाय. म्हटलं, रोप उपाशी हाय, दोन पोती ने, रोपाला मूठ मूठ घाल. नजरचूक. माणसाची हुती की नजरचूक. आता तुमचं पान झटकलं तसं तेव्हाबी झटकलं हुतं, तेव्हाबी असंच पिवळं बारीक चाललं हुतं कागदावर, पण –

…

व्हय. झटकलं हुतं. आता तोंडातनं गेलंच तर ऱ्हाऊ दे. दिसलं हुतं मला. त्याची फवारणी दुकानात न्हवती, शहरातनं आणायला लागली असती, त्याला दोन दिवस. आणि यूरियाच्या ढेपा व्हायला लागल्या हुत्या. ढेपा झाल्या की गिऱ्हाईक पोत्याला लाथ मारून बघतंय आणि शेजारच्या दुकानात जातंय. दुसऱ्या कुणी घेतली नसती ती पोती. केरबा न बघता घेतो, म्हणून केरबाला दिली. आपला माणूस हाय, चालवून घेईल म्हटलं. आठ वर्सं मी नजरचूक, नजरचूक म्हणतोय – रशिदाला तेच सांगितलंय, नमाजाला बसलो तरी मनात तेच म्हणतोय. माझंच मला खरं वाटाय लागलं हुतं बघा.

आणि तो भांडला असता तर बरं झालं असतं. फुलं गळाली तेव्हा आला हितं, चार माणसं बसल्याली. मला वाटलं, आता गळपट धरतोय. त्यानं हात पुढं केला – कुस्तीचा हात तो, पंजा असा सुपाएवढा – आणि म्हणाला, दस्त्यानं मूठ सांगितली, पण ही मूठ हाय व्हय? माझ्याच मुठीनं घालवली मी मिरची. चारी माणसं हसली. तोबी हसला, पण डोळं न्हवतं हसत. मी म्हणायला पाहिजे हुतं, केरबा, मुठीचं काय न्हाय रे ह्यात. तराजू पुसत बसलो. तेव्हापासनं गावात म्हणच पडली – खत घालताना कुणाचा हात जास्त पडला की म्हणत्यात, केरबाची मूठ. पोरंसोरं म्हणत्यात. त्याच्या तोंडावर म्हणत्यात. मिरची त्या सालापासनं बंद. म्हणाला, माझ्या हाताला ती लाभत न्हाय, घरात नाव काढायचं न्हाय. आज्याचं बी गेलं. बायडावहिनी अजून बरणी धाडती दरसाली, इकतच्या मिरचीची, आणि मी ती खात न्हाय. रशिदाला सांगितलंय, डाक्टरनं तिखट बंद केलंय. त्याच्या लेकीच्या, रूपालीच्या, लग्नाला गेलो न्हाय मी. मांडीवर खेळवल्याली पोर ती. ताप आलाय म्हणून घरात गोधडी घेऊन पडलो, अक्षता पडल्याचा बँड ऐकत.

चुळबूळ का करताय? काम असंल तर जावा. हे बघा – खत काय घालू नका आता. चांगलं कुजलेलं शेणखत घातलंय न्हवं लागणीच्या टायमाला? बास झालं. निंबोळी पेंड ह्या पिशवीतली, रोपाच्या बुडात, खुरपून मातीआड करा. आणि ही बाटली, पंपाला एवढंच टोपण, सांजच्या पारी फवारा, फुलावर मधमाशा नसताना. आठ दिवसांनी परत. त्या कागदात आणि काय हाय? मिरची आणलीय व्हय, दावा की.

…

ही कुठली?

न्हाय, म्हंजे बी कुठलं, मी बी विचारतोय. मलकापूरला ही मिरची न्हाय. कोकरूडला न्हाय, शाहूवाडीत कुठंच न्हाय. ह्या सुरकुत्या – हे शेपूट… बायकोनं आणलं? माहेरनं? आईनं ओटीत बांधून दिलं हुतं तिच्या, राखेत घोळून, बाला न सांगता.

रूपालीच्या.

तुम्ही रूपालीचं मालक. कुणाकडं आलाय ते मी विचारलंच न्हाय. पावणं पावणं म्हणत बसलो. आणि तुम्ही सगळं ऐकत बसला, एका शब्दानं थांबवलं न्हाय मला. बरोबर हाय. मीबी थांबवलं नसतं.

किती रोपं हायती? चाळीस? चाळीसच ऱ्हायल्यात व्हय जगात. मग ऐका – पिशवी घ्या, बाटली घ्या, पैसे खिशात घाला, खिशात घाला म्हणतो ना. ह्यातली वाचलीच पाहिजेत. पिकलेली पहिली दहा तोडायची न्हाईत, बियाला ठेवायची. आणि मी येणार हाय मलकापूरला बघायला, रविवारी, रानात. बोलवा नका बोलवू.

उठलासा? सासऱ्याला सांगणार आता. सांगा, तुमचा हक हाय. – न्हाय, थांबा. तुम्ही सांगितलंसा तर तो म्हणंल, दस्त्या तसा न्हाय, तुमचा ऐकण्यात घोटाळा झाला. ओळखतो मी त्याला. माझ्या तोंडनंच जायला पाहिजे ते. रानात असंल का घरात? घरात. बरं.

ती मिरची तेवढी द्या. मोकळ्या हातानं कसा उभा ऱ्हाऊ त्याच्या दारात. जावा तुम्ही म्होरं, मी शटर ओढतो आणि आलोच. वहिनीला चहा टाकाय सांगू नका. आधी मला बोलू दे.