गॉलच्या बसला काय होतंय?

...आणि तुम्हाला सांगते, रात्रभर माझा डोळ्याला डोळा नाही, आणि काळजी कसली, तर ही पोरगी तिथं तोंड उघडून काय बोलेल. गॉलच्या कॉन्व्हेंटातल्या बालवर्गाची मुलाखत, जागा मोजक्या, मदरसमोर आईनं आणि मुलानं बसायचं, आणि आमची सेनुली म्हणजे दिसलं ते बोलणारी. मागच्या पौर्णिमेला विहारातले भिक्खू घरी दानाला आले, तर त्यांना हसून सांगितलंन, "आजी म्हणते, तुम्ही फार जेवता." म्हणून आठवडाभर घोटून घेतलं, बाई गं, नाव सांग, विचारलं तेवढंच बोल, घरात सगळे प्रेमानं राहतात म्हण, आणि गप्प बस.

आता जायचं कशानं? आगगाडी म्हटलं, तर ती समुद्राच्या कडेकडेनं अशी रेंगाळते, जणू तिला लाटा मोजायला ठेवलंय. रिक्षा म्हटलं, तर आमच्या गल्लीतला नन्दसिरी, एका हातात हँडल, एका हातात फोन, आणि मान मागं वळवून आम्हाला राजकारण समजावणार. आमचे हे, रुवन, आरशासमोर भांग पाडत म्हणाले, "इमेशा, तू उगाच जीव खातेस. सरळ बसनं जा. बसला काय होतंय?"

बसला काय होतंय, म्हणे.

बरं, सरकारी लाल बस मिळाली असती तर खरंच काही झालं नसतं. म्हातारी आहे, खोकते, पण पोचवते. पण सासूबाईंनी मुहूर्त काढलेला. सकाळी पोरीला दूधभात भरवला, उरलेला स्टीलच्या डब्यात भरून माझ्या हाती दिला, आणि आम्हा दोघींना उत्तरेकडं तोंड करून उंबऱ्यात उभं केलं. घटका यायची होती. घटका यायच्या आधी बस आली. फाटकासमोरून गेली, अहो, ड्रायव्हरनं थांबवून माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मी म्हटलं, "सासूबाई, बस..." तर म्हणतात कशा, "बस दुसरी येते सूनबाई, घटका येत नाही."

दुसरी आली ना. खाजगी. दारात लोंबकळणारा कंडक्टर सुजीव, खिशात कंगवा, गळ्यात सोन्याची साखळी, ओरडतोय, "गॉल गॉल गॉल, चढा अक्का, रिकामीच आहे!" रिकामी? माणसं खिडक्यांतून बाहेर उतू चालली होती. आणि बस थांबली म्हणाल तर नाही, जरा विचारात पडल्यासारखी झाली, तेवढ्यात त्यानं पोरीला उचललं, मला दंडाला धरून ओढलं, माझी एक चप्पल आमच्या बालपिटियातच राहिली.

मग कळलं घाई कसली. मागून त्याच वाटेची दुसरी बस. पुढच्या थांब्यावर जो आधी पोचेल त्याची माणसं. आमचे ड्रायव्हर गुणपाल, पांढऱ्या केसांचे, देवमाणूस दिसावं असा चेहरा, त्यांनी जो पाय दाबला... वळणावर ती बस बाजूला आली, आमचा आरसा तोडून गेली. आमच्यांनी तिला अशी घासली की तिकडची एक काच आमच्या मांडीवर. सुजीवनं शहाळं भिरकावलं, तिकडून पाना आला, पाना माझ्या डोक्यावरून गेला आणि एका मास्तरांच्या छत्रीत अडकला. मास्तर म्हणाले, "मुलांनो, हे बरं नाही," आणि पाना परत तिकडंच फेकला, चांगला नेम धरून. एकजण आडवा झाला तिकडचा. मी मानसशास्त्र शिकलेली बाई, मुलांसमोर आवाजही चढवू नये म्हणतात, म्हणून मी सेनुलीचे डोळे झाकले. ती माझ्या बोटांमधून पाहत होती.

बसला काय होतंय.

आणि मग वाटेवरचा बोधिवृक्ष आला. दोन्ही बसनी करकचून ब्रेक मारले. दोन्ही कंडक्टर उतरले, दोघांनी तिथल्या दानपेटीत नाणं टाकलं, शेजारी शेजारी उभं राहून डोळे मिटून हात जोडले. त्या दुसऱ्याच्या भुवईतून रक्त गळतंय, तरी सुजीव त्याला हळूच म्हणतो, "सरक जरा, सगळ्यांना पाया पडू दे." आख्खी बस हात जोडून बसलेली. मीही जोडले. काय शांतता होती हो. मग दोघं पळत येऊन चढले, आणि पाना पुन्हा सुरू.

हिक्कडुवाच्या थांब्यावर मात्र दोन्ही बस तिरक्या होऊन अडकल्या, माणसं खाली उतरली आणि जुंपली. कोण कुणाला मारतंय पत्ता नाही. एक बाई सुक्या माशांची पिशवी गरागरा फिरवत होती, तिला तर कुठली बस हेही माहीत नव्हतं. मी सेनुलीला धरून कडेनं निघाले, तर तो रक्ताळलेल्या भुवईचा पुढं आला, माझी पोर काखेत मारली, आणि चालू पडला, "आमच्यात बसा अक्का, आमची पुढं आहे." पोर नेली की आई येते, हा यांचा हिशोब!

पुढचं मला नीटसं आठवत नाही. डबा हातात होता. डबा त्याच्या तोंडावर होता. दूधभात सगळीकडं होता. मारामारी थांबली. तो खाली वाकला, दात उचलला, पुसला, आणि बोबड्या आवाजात म्हणाला, "अक्का, आता तरी बसा की." सुजीव फिदीफिदी हसत होता. मी म्हटलं, "दात काढू नकोस, संध्याकाळी परत जाताना तुझी गाठ माझ्याशी आहे."

आणि बसले कशात? त्याच्याच. त्याचीच पुढं होती. त्यानं एका दांडगटाला उठवून मला खिडकी दिली.

कॉन्व्हेंटात पोचलो. एका पायात चप्पल, केसांत भात. मदर म्हणजे दयेचा पुतळा, काही पाहिलंच नाही असा चेहरा. "बाळ, नाव काय?" "सेनुली." "आज सकाळी प्रार्थना केलीस का?" "हो. वाटेत. सगळ्यांनी केली, ड्रायव्हरमामांनी पण." मदरचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, मिळाली जागा, उगाच जागले मी. त्यांनी मायेनं विचारलं, "वा! आणि मग?"

"मग अम्मानं मामांचा दात पाडला."

मदरनी चष्मा काढला. मी पर्स आवरायला घेतली. त्या फार हळू म्हणाल्या, "कुठल्या मामांचा?"

"एकाच मामांचा," सेनुली म्हणाली. "दुसऱ्यांचा संध्याकाळी."