उठबस

हौसा: …म्हणून आले गो वयनी. दादानं आमच्या ह्यांना समजवावं. रोह्याला प्रविणकडं चला म्हणावं. पोरगा कंपनीत शिफ्ट करील, का रोज कासूला येऊन बापाला उचलील?

सरू: काळुरामभावजी काय म्हणतात?

हौसा: काय म्हणत नाय. पावसात न्युमोनिया झाला, त्यातून वाचले, पण घरी आणले ते खाटेलाच. मिठागरात उभा जन्म काढलेला माणूस, आता कूस बदलायला पण मला हाक. डॉक्टर म्हणाला, रोग गेला, नुसता अशक्तपणा हाय. मी म्हणते, वय झालं. त्यांना पण ते पटलंय. शेजारच्या शकूला त्यांच्याजवळ बसवून आलेय.

सरू: खायला काय देताय, वन्सं?

हौसा: पेज. दुसरं काय पचणार?

सरू: तुमच्या दादाला पण मी पेजच पाजत होते. गेल्या वर्षी कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रंगवायला घेतलेल्या नि ह्यांना डेंगू झाला. ताप गेला, तो पायातलं बळ घेऊन गेला. मोरीतून मी उठवायचे. एकदा उठवता उठवता दोघं पडलो. तवापासून ह्यांचं कारखान्यात पाऊल नाय. "माझा हात गेला, आता मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आमचा अक्षय करील," असं हे येईल त्याला सांगायचे. हात चांगला होता हो. पाय उभं करत नव्हते, ते कुणाला सांगवत नव्हतं.

हौसा: मला पण बोलला नाय कधी.

सरू: शिमग्याला सुरभी आली. अक्षयची मोठी. पुण्याला प्रयोगशाळेत म्हाताऱ्या माणसांच्या पेशींवर काम करते. आपलं अंग ज्या बारीक बारीक कणांचं बनलंय ना, त्या पेशी. तिनं आजोबांचे पाय बघितले, ताटात पेज बघितली, नि माझ्यावरच उखडली.

हौसा: तुझ्यावर कशाला?

सरू: म्हणाली, आजी, जेवलं की रक्तातून पेशीला निरोप जातो, माल आलाय, स्नायू बांधायला घ्या. निरोप दारापर्यंत येतो. आत रसायनं हातोहात तो पुढं नेतात, पार आतपर्यंत. तरण्या माणसात पटकन पोचतो. म्हातारपणी आतली साखळी मंदावते. वर आत सूज धुमसत असते, त्या गलक्यात कामाचा निरोप ऐकूच जात नाय. आणि तू निरोप धाडतेस तो पेजेचा, म्हणाली.

हौसा: दादा काय म्हणाला?

सरू: म्हणाले, म्हणजे माझं शरीर बहिरं झालं. तर पोर म्हणते, "बहिरं नाही आजोबा. कमी ऐकतंय. मोठ्यानं सांगायला लागेल."

हौसा: मोठ्यानं म्हंजे कसं?

सरू: कामानं. स्नायूला जरा ओझं पडलं की आतली तीच रसायनं जागी होतात. मग अन्नाचा निरोप आला, तर तो लागू पडतो. पेणला व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी उंच खुर्चीतून हात न टेकता उठायचं नि बसायचं, एवढंच दिलं. ताटात अंडं, वालाचं बिरडं, कधी कोळंबी. मी सुरभीला विचारलं, मग पहिल्यासारखे होतील? तिनं खोटं नाय सांगितलं. म्हणाली, वय मागं फिरवायचं औषध आमच्याकडं नाय, अजून शोधतोय.

हौसा: आणि त्यानं ऐकलं? दादानं?

सरू: कसलं. सुरभी पुण्याला गेली नि ह्यांनी खुर्चीकडं पाठ फिरवली. म्हणाले, लहान पोरासारखी उठाबशी काय काढायची. मला राग आला. मीच जाऊन खुर्चीत बसले, म्हटलं दाखवते करून.

हौसा: मग?

सरू: मला उठता आलं नाय, वन्सं. इतके महिने मी त्यांना उठवतेय, आणि मलाच उठता येईना. मांड्या थरथरल्या, परत बसले. ते बघत होते. अक्षयला हाक मारून म्हणाले, अजून एक खुर्ची आण.

हौसा: दोघं करायचात?

सरू: अजून करतो. मध्ये त्यांचा गुडघा सुजला, थांबलो, बाईंना विचारून परत लागलो. यंदा गणपतीआधी उभं राहून आखणी केली त्यांनी. मोठ्या मूर्तीला शिडीवर अक्षयच चढला. ते गेलं ते गेलं.

हौसा: आमच्या ह्यांना नाय जमायचं, वयनी. त्यांची इच्छाच मेली हाय.

सरू: कदाचित नाय पण जमणार. डॉक्टरला विचारा, तो सांगेल तेवढंच करा. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेऊन काय होणार? आधी बसते होऊ देत. मग रोहा का कासू, ते त्यांचं ते सांगतील.

दिनानाथ: हौसे, कवा आलीस?

हौसा: मघाशीच, दादा. तू आतून एकटा चालत आलास?

दिनानाथ: मग काय पालखीतून येऊ? ऐकलं मी सगळं. काळुरामाला मी समजवणार नाय.

हौसा: असं नको रे बोलू.

दिनानाथ: समजवणार नाय. भेटायला येतो. आत्ताच, तुझ्यासंगं. बसनं पेण, तिथून गाडी.

हौसा: कासूला उतरून रिक्षा मिळंल, नाय मिळंल.

दिनानाथ: चालीन. दमलो तर बांधावर टेकीन. फोन लाव, सांग त्याला.

हौसा: (फोनवर) ऐकताय? दादा येतोय माझ्यासंगं. नाय, कुणी आणत नाय. स्टेशनावरनं चालत म्हणतोय. व्हय, चालत… काय?… थांबा, एकट्यानं नको, शकूला धरा… हां. हां, सांगते.

सरू: काय म्हणतात?

हौसा: विचारतायत, त्यांचा धुतलेला सदरा कुठं ठेवलाय.